डॉल्फिन पोहायला लागतात तेव्हा: प्राचीन ग्रीक भांड्यांचा घाट आणि त्यावरची चित्रं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मातीचं एक विचित्र भांडं आहे. वर गरगरीत पोट, खाली एकदम बारीक होत गेलेला दांडा. एखादी अळंबी उचलून उभी करावी तसं. पोटावर शिपायांची रांग चालली आहे. डोक्यावर शिरस्त्राण, हातात ढाल आणि भाला, असा सगळा जामानिमा. फक्त खाली घोडे नाहीत, डॉल्फिन आहेत. इ. स. पू. 520 ते 510 च्या सुमारास अथेन्सच्या ओल्टॉस नावाच्या चित्रकाराने हे काम केलं. शिपायांच्या तोंडाजवळ त्याने ‘डॉल्फिनवर बसून’ अशा अर्थाचे शब्दही लिहून ठेवले आहेत. बघणाऱ्याचा डोळ्यांवर विश्वास बसणार नाही असं त्याला वाटलं असावं.

काचेच्या कपाटात ही गंमत निम्मीच कळते. या भांड्याला ग्रीक लोक प्सिक्टर म्हणत, म्हणजे गार करणारं. एकात गार पाणी किंवा बर्फ, दुसऱ्यात वाइन, आणि प्सिक्टर त्या दुसऱ्या मोठ्या भांड्यात सोडलेलं, अशी ती सोय. तो बारीक दांडा नावेच्या तळासारखं काम करतो, त्यामुळे भांडं तरंगताना सरळ उभं राहतं आणि हलकेच गोल फिरतं. आता ती शिपायांची रांग आठवा. पातळी पोटापर्यंत चढते, भांडं डुलायला लागतं आणि डॉल्फिन खरोखरच पोहायला लागतात. मेजवानीला आलेल्या पाहुण्यांच्या समोर, वाइनच्या समुद्रात.

ग्रीक भांड्यांबद्दल मला जे सांगायचं आहे ते या एका भांड्यात आलं. यावरचं चित्र कागदावर उतरवून घेतलं तर ते अर्धवट उरतं. भांड्याचा घाट, त्याचा वापर आणि त्यावरचं चित्र यांचा हिशोब एकत्रच मांडावा लागतो. पुस्तकांत ही चित्रं साल सोलून पसरावी तशी सपाट करून छापतात आणि आपण देवादिकांच्या कथा वाचत बसतो. कथा महत्त्वाच्या आहेतच. पण कुंभार बिचारा बाजूला राहतो.

कान, गळा, पोट, बूड

मराठीत आपण कपाचा कान तुटला म्हणतो, घागरीचा गळा म्हणतो, मडक्याचं पोट आणि बूड म्हणतो. ग्रीकांचंही तसंच होतं. त्यांच्या भांड्यांना तोंड, ओठ, मान, खांदा, पोट, पाय आणि कान होते. ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हती. भांडं म्हणजे एक शरीर आहे हे धरूनच चित्रकार त्याला सजवत असे. मानेवर काय शोभेल, खांद्यावर काय, पायाशी काय, याचे संकेत ठरलेले होते.

भांड्यांची नावंही कामावरून पडलेली. अँफोरा म्हणजे दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं ते. दोन कानांचं, साठवणीचं. हिद्रिया पाण्याची. लेकिथोस तेलाची, अरुंद तोंडाची, म्हणजे तेल धारेने न पडता थेंबाथेंबाने यावं. किलिक्स हा पसरट, उथळ पेला, पिण्यासाठी. क्रेटर म्हणजे वाइनमध्ये पाणी मिसळायचं रुंद तोंडाचं मोठं भांडं, कारण ग्रीक माणूस बिनपाण्याची वाइन पिणं रानटीपणाचं समजत असे. ज्वालामुखीच्या तोंडाला आणि चंद्रावरच्या खळग्यांना क्रेटर हे नाव याच भांड्यावरून मिळालं. लोणारचं सरोवर क्रेटरमध्ये आहे असं आपण म्हणतो तेव्हा नकळत वाइनच्या भांड्याचंच नाव घेत असतो.

एक खुलासा इथेच करतो. नेवाशाच्या उत्खननात अँफोरांचे तुकडे सापडले आहेत, पण ते रोमन काळातले, मालवाहतुकीच्या साध्या भांड्यांचे. त्यांच्यावर चित्रं नव्हती. आपण बोलतो आहोत ती त्यांच्याही काही शतकं आधीची, घरात, मेजवानीत, देवळात आणि थडग्यावर मिरवायची भांडी.

काळा रंग येतो कुठून?

अथेन्सच्या भांड्यांचं केशरी-लाल अंग आणि चकाकता काळा रंग डोळ्यांत भरतो. हा काळा रंग दुकानातून आणलेला नाही. तो त्याच मातीचा आहे. अथेन्सच्या परिसरातल्या मातीत लोह भरपूर. ती पाण्यात कालवून ठेवायची. जाड कण खाली बसतात, अगदी बारीक कण वर तरंगत राहतात. ते वरचं पाणी काढून आटवलं की दाट राबडा तयार होतो. भांडं घडवायला गाळलेली माती, रंगवायला तिचीच साय, असं म्हणा ना.

म्हणजे चित्रकार मातीने मातीवर चित्र काढत होता आणि ओलं असताना दोन्हींच्या रंगात फरक फारसा दिसत नसे. तो पुढे काय होणार हे मनात धरून हात चालवत होता. आधी बोथट काडीने किंवा कोळशाने पुसट आराखडा, मग राबडा. काही भांड्यांवर त्या आराखड्याच्या खुणा तिरप्या उजेडात आजही दिसतात आणि चित्रकाराने कुठे विचार बदलला तेही कळतं.

खरी करामत भट्टीत. एकाच आचेत तीन टप्पे होते. पहिल्यात झरोके उघडे. भरपूर हवा, आच साधारण 800 अंश सेल्सिअसपर्यंत. लोहाला प्राणवायू मिळतो आणि भांडं, राबडा, सगळंच लाल होतं. दुसऱ्या टप्प्यात झरोके बंद करायचे आणि आत ओली लाकडं टाकायची. आच आणखी चढते, 900 अंशांच्या वर जाते, पण आत हवा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड लोहाकडून प्राणवायू खेचून घेतो. आता सगळंच काळं. याच वेळी राबड्याचे अतिबारीक कण अर्धवट वितळून एकमेकांना चिकटतात आणि काचेसारखा घट्ट थर तयार होतो. तिसऱ्या टप्प्यात आच थोडी उतरवून झरोके पुन्हा उघडायचे. हवा आत शिरते. भांड्याची जाडसर माती सच्छिद्र असते, ती प्राणवायू शोषते आणि पुन्हा लाल होते. राबड्याचा थर मात्र बंद झालेला. हवेला आत जायला वाटच नाही, म्हणून तो काळाच राहतो.

तीन दारं आणि एक कुलूप, इतकंच गणित. पण दुसऱ्या टप्प्यात आच कमी पडली तर कुलूप लागत नाही आणि चित्र लालसर होऊन जातं. जास्त झाली तर सगळंच काळं राहतं. शेजारच्या भांड्याला टेकलेली बाजू कच्ची राहते. संग्रहालयांतल्या नामांकित भांड्यांवरही असे लाल डाग सापडतात. ग्रीक कुंभारांनी भट्टीतल्या भुतांना नावंच देऊन टाकली होती: एक फोडणारा, एक तडकवणारा, एक न विझणारा. दिवसभर आचेसमोर बसलेल्या माणसाला भूत दिसणारच. पुढे ही रीत लोकांच्या विस्मरणात गेली. जर्मन रसायनतज्ज्ञ थिओडोर शूमान यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुन्हा सिद्ध करून दाखवली. त्याआधी लोक काळ्या रंगात कसलं तरी गुपित द्रव्य शोधत होते.

नक्षी सांधे दाखवते

मोठी भांडी एका दमात चाकावर घडत नसत. पोट वेगळं, मान वेगळी, पाय वेगळा. अर्धवट सुकल्यावर ते जोडायचे, मग कान लावायचे, मग घोटून गुळगुळीत करायचं. आता अथेन्सची एखादी अँफोरा नीट पाहिली तर नक्षी कुठे असते? मान जिथे खांद्याला भेटते तिथे जिभेच्या आकाराच्या छोट्या पट्ट्या. कानाच्या मुळाशी ताडाच्या पंख्यासारखी पानं. बुडाशी, पोट जिथून वर उमलतं तिथे, वर टोक केलेले किरण. चित्राच्या पायाखाली काटकोनात वळत जाणारी नागमोडी रेघ, म्हणजे पात्रांना उभं राहायला जमीन.

शिंपी शिवणीवर गोट लावतो तसं हे आहे. जिथे घडण बदलते तिथे नक्षी येते. बुडाशी आलेले ते किरण तर मला फार हुशारीचे वाटतात. वरचं सगळं वजन त्या लहानशा पायावर आलेलं असतं, भांडं आता कलंडेल अशी भीती वाटावी, पण किरणांमुळे ते कमळासारखं खालून वर फुलल्यासारखं दिसतं.

सुरुवातीच्या काळात तर नक्षीच सर्वस्व होती. अथेन्समध्ये डिपिलॉन दरवाजाजवळच्या स्मशानात इ. स. पू. 750 च्या आसपास एका थडग्यावर उभी केलेली अँफोरा सापडली. उंची दीड मीटरहून जास्त, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाएवढी. वरपासून खालपर्यंत भौमितिक पट्टेच पट्टे, जागा रिकामी ठेवायची जणू भीती. आणि या सगळ्या गर्दीत फक्त एका ठिकाणी माणसं आहेत: दोन कानांच्या मधोमध, भांडं जिथे सगळ्यात रुंद होतं तिथे. तिरडीवर मृत देह, भोवती डोक्याला हात लावून रडणारी मंडळी. त्रिकोणी छाती, काडीसारखे हात. माणसंही नक्षीच्याच भाषेत बोलतात. शेकडो रेषांमधून नजर नेमकी तिथे जाऊन थांबते. काय रंगवायचं हे शोकाने ठरवलं असेल, पण कुठे, हे कुंभाराच्या हाताने ठरवलं.

करिंथ या ग्रीक शहरातले कारागीर वेगळ्या वळणाचे. त्यांची माती फिकट, पिवळसर. भांडी लहान, अत्तराची. इ. स. पू. सातव्या शतकात त्यांनी काळी आकृती भरून तिच्यावर टोकदार हत्याराने बारकावे कोरण्याची रीत काढली. पुढे अथेन्सने ती उचलली आणि बाजारही पटकावला.

पाहुण्यांनी फेरी मारावी म्हणून

1844 साली अलेस्सांद्रो फ्रान्स्वा नावाच्या संशोधकाला इटलीत क्युसीजवळच्या एट्रुस्कन (रोमच्या आधीच्या इटलीतल्या लोकांच्या) थडग्यात एका प्रचंड क्रेटरचे तुकडे मिळायला लागले. ग्रीक भांडी इटलीत कशी, हा प्रश्न साहजिक आहे. एट्रुस्कन श्रीमंत ही भांडी अथेन्सहून मागवत आणि मेल्यावर सोबत नेत. अखंड राहिलेल्या उत्तम भांड्यांपैकी बरीच इटलीतल्या थडग्यांतून मिळाली ती त्यामुळे. अठराव्या शतकात तर युरोपात ही भांडी एट्रुस्कनच समजली जात. इंग्लंडच्या वेजवूड या भांडी घडवणाऱ्याने 1769 मध्ये आपल्या कारखान्याचं नाव एट्रुरिया ठेवलं ते याच गैरसमजातून.

फ्रान्स्वाला मिळालेला क्रेटर आज फ्लॉरेन्समध्ये आहे. काळ इ. स. पू. 570 च्या आसपास, उंची 66 सेंटीमीटर. त्यावर सही आहे, तीही दोघांची: एर्गोटिमॉसने मला घडवलं, क्लायटिअसने मला रंगवलं. भांडं स्वतःच बोलतं. त्यावर आडव्या पट्ट्यांत मिळून सुमारे 270 आकृत्या आहेत आणि बऱ्याच जणांची नावं बाजूला लिहिली आहेत. इतकी दाटी, तरी गोंधळ होत नाही, कारण पट्टे भांड्याच्या अवयवांप्रमाणे वाटून दिले आहेत. मानेवर रानडुकराची शिकार आणि रथांची शर्यत. खांद्यावर, सर्वांत ठळक जागी, पेलेउस आणि थेटिस यांच्या लग्नाला निघालेली देवांची वरात. बाकीच्या पट्ट्यांत पुढून-मागून वेगवेगळे प्रसंग आहेत, पण वरात मात्र अख्ख्या भांड्याला वळसा घालते. लग्नघर आणि शेवटचा पाहुणा हे दोन्ही पाहायचे असतील तर क्रेटरभोवती फिरावंच लागतं. क्रेटर मेजवानीच्या खोलीत मध्ये ठेवलेला असे. हातात पेला घेऊन फिरणाऱ्याला वाचायची सोय झाली.

उभ्या कानांवर आयास हा योद्धा अकिलीसचं प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे. अकिलीस त्याच लग्नातून जन्मलेला मुलगा. खांद्यावर वरात, कानावर मुलाचं प्रेत. आणि अगदी खाली, पायावर, बुटके लोक करकोच्यांशी लढतात: नुसता विनोद. बुटक्यांची लढाई कुठे ठेवायची याचं उत्तर क्लायटिअसला भांड्याच्या सगळ्यात बुटक्या भागाने दिलं.

1900 साली संग्रहालयातल्या एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात या भांड्याच्या कपाटावर स्टूल भिरकावलं आणि त्याचे 638 तुकडे झाले. जोडकाम करणाऱ्यांनी ते पुन्हा उभं केलं. आज आपण पाहतो ते दोनदा मोडलेलं आणि दोनदा जोडलेलं शरीर आहे.

एक्सेकियासची पाठ

घाट आणि चित्र यांचा संसार ज्याच्या हातात सर्वांत सुखाने नांदला तो एक्सेकियास. हा कुंभारही होता आणि चित्रकारही. काही भांड्यांवर ‘एक्सेकियासने मला रंगवलं आणि घडवलं’ असं लिहिलेलं आहे. व्हॅटिकनमध्ये त्याची इ. स. पू. 540 ते 530 च्या सुमाराची एक अँफोरा आहे. ट्रॉयच्या युद्धातली दुपार. अकिलीस आणि आयास पटावर वाकून खेळतात. अकिलीसच्या तोंडून शब्द निघाला आहे ‘चार’, आयासच्या तोंडून ‘तीन’. दोघांचे भाले हातात, ढाली मागे टेकवलेल्या.

आता दोघांच्या पाठी बघा. त्या वाकल्या आहेत ते नेमक्या भांड्याच्या पोटाच्या वळणाने. डावी पाठ डावीकडचं वळण धरते, उजवी उजवीकडचं. ढाली कानांच्या खाली येतात. भाल्यांच्या तिरक्या रेषा पटावरच्या हातांकडे उतरतात. अख्खं भांडं त्या दोन बोटांवर, त्या चार आणि तीनवर, लक्ष लावून बसलं आहे असं वाटतं. चित्राची चौकट काढून टाका, चालेल. पण भांड्याची कड काढून टाकलीत तर हे दोघं उगाच कुबड काढून बसलेले दिसतील. त्यांच्या अंगरख्यांवरची केसाएवढी बारीक कोरीव नक्षी सगळे जण वाखाणतात. मला त्या दोन पाठी जास्त मोलाच्या वाटतात.

पेल्याच्या तळाशी

गंमतजंमत करायला सर्वांत सोयीचं भांडं म्हणजे किलिक्स. पाहुणे डाव्या कोपरावर रेलून पीत. पेला भरलेला असताना आतलं चित्र दिसत नाही. घोटाघोटाने वाइन उतरते आणि तळाच्या गोलात काहीतरी उघडं पडायला लागतं.

वुर्झबर्गमधल्या एका पेल्यात ब्रिगॉस चित्रकाराने तळाशी एक तरुण दाखवला आहे. तो ओकतो आहे आणि एका मुलीने त्याचं डोकं धरलं आहे. पेला रिकामा करणाऱ्यालाच हे दर्शन. बर्लिनमध्ये सोसियासच्या सहीचा पेला आहे, इ. स. पू. 500 च्या सुमाराचा. अकिलीस आपला मित्र पॅट्रोक्लॉस याच्या जखमी दंडाला पट्टी बांधतो आहे. पॅट्रोक्लॉसने तोंड दुसरीकडे वळवलं आहे, दात दिसत आहेत, आणि एक पाय लांबवून त्याने थेट गोलाच्या कडेला रेटा दिला आहे. गोलात माणूस बसवणं अवघड असतं, हातपाय कुठे ठेवायचे कळत नाही. इथे त्या अडचणीतूनच कळ दिसते: दुखतंय म्हणून तो पेल्याच्या काठालाच पाय टेकवतो.

बाहेरच्या बाजूला कधी मोठे डोळे रंगवलेले असत. पिण्यासाठी पेला वर उचलला की समोरच्याला पिणाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो. त्या जागी दोन डोळे, दोन बाजूंचे कान हे खरंच कान, आणि बुडाचा पोकळ पाय म्हणजे उघडं तोंड. मुखवटाच! म्युनिकमधल्या अशाच डोळेवाल्या पेल्यात आत एक्सेकियासने वाइनचा देव डायोनिसस याची नाव सोडली आहे. देव आरामात रेलला आहे, शिडाच्या डोलकाठीला द्राक्षवेल लपेटून वर पसरली आहे, सात घड लोंबत आहेत आणि भोवती सात डॉल्फिन. जमिनीची रेघ नाही, क्षितिज नाही. पेला कसाही फिरवा, नाव पाण्यातच. ग्रीकांचा महाकवी होमर समुद्राला वाइनच्या रंगाचा म्हणायचा. इथे समुद्राच्या जागी वाइनच ओतायची सोय केली आहे.

उजेड बदलला

इ. स. पू. 525 च्या आगेमागे अथेन्समध्ये कुणीतरी खेळ उलटा केला. आकृती भरायच्याऐवजी तिच्याभोवतीची जागा काळी करायची आणि आकृतीत मातीचा लाल रंग मोकळा ठेवायचा. कोरण्याऐवजी आता कुंचला. पातळ केलेल्या राबड्याने तपकिरी छटा, स्नायू, केस, कापडाच्या चुण्या. या काळातली काही भांडी दुभाषी म्हणतात तशी आहेत. म्युनिकच्या एका अँफोरावर दोन्ही बाजूंना हेराक्लीस मेजवानीत रेलला आहे, समोर अथीना. एकीकडे काळ्या आकृतीत, दुसरीकडे लाल. दुकानदार गिऱ्हाइकाला दोन्ही नमुने दाखवतो तसं.

तंत्र बदललं की भांड्याशी नातंही बदललं. काळी आकृती अंगावर गोंदल्यासारखी बसते. लाल आकृतीत मात्र भांडंच रात्र होतं आणि माणसावर दिवा पडतो. बर्लिन पेंटर नावाने ओळखला जाणारा कलावंत (खरं नाव कुणालाच माहीत नाही, ब्रिटिश अभ्यासक जॉन बीझली यांनी कानाची पाळी, घोटा, कापडाची चुणी असल्या बारीक सवयींवरून हे हात वेगळे ओळखले) तर चौकट, पट्टे, गर्दी सगळं काढून टाकतो. चकचकीत काळ्या अँफोरावर एकच आकृती. पायाखाली नक्षीचा लहानसा तुकडा, बस. भांड्याचा घाट इतका स्वच्छ दिसतो की कुंभाराने त्याला दुवा दिला असेल.

युफ्रॉनिओसने हेच तंत्र मोठ्या क्रेटरवर वापरलं. या जातीच्या क्रेटरला कान अगदी खाली, बुडाजवळ असतात, त्यामुळे वरची भिंत आडवी मोकळी मिळते. त्या लांबीवर त्याने सार्पेडॉन या योद्ध्याचं प्रेत आडवं पसरलं. निद्रा आणि मृत्यू दोन बाजूंनी वाकून ते उचलत आहेत. हाच तो क्रेटर जो न्यूयॉर्कच्या म्युझियमने 1972 मध्ये सुमारे दहा लाख डॉलरला घेतला आणि चोरट्या उत्खननाचं प्रकरण बाहेर आल्यावर 2008 मध्ये इटलीला परत गेला.

पाणी भरायच्या हिद्रियाचं वेगळंच. तिला तीन कान: दोन आडवे उचलायला, एक उभा मागे, ओतायला. मागचा कान असल्यामुळे पुढची बाजू आपोआप ठरते आणि चित्र तिथेच येतं. त्या चित्रांत वारंवार पाणवठा दिसतो. सिंहमुखातून पाणी पडतं आहे, बायका हिद्रिया घेऊन उभ्या आहेत. जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर रिकामी हिद्रिया आडवी, येणाऱ्यांच्या डोक्यावर भरलेली उभी. चित्रकाराने हे पाहिलेलं होतं. घागरी वाहिलेल्या घरात वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

मग घाट आणि चित्र यांच्या संसारात खटके उडायला लागले. इ. स. पू. 460 च्या सुमारास नायोबिड पेंटरने आता लूव्रमध्ये असलेल्या क्रेटरवर माणसं एका रेषेत उभी न करता डोंगरउतारावर असावीत तशी वर-खाली विखुरली. भिंतीवरच्या मोठ्या चित्रांची ही छाया होती. ती भित्तिचित्रं आज शिल्लक नाहीत. प्रयोग धाडसाचा, यात शंका नाही. पण भांड्याच्या गोलाईवर खोल देखावा रंगवणं म्हणजे घागरीत खिडकी पाडण्यासारखं. डोळा चित्रात शिरायला जातो आणि भांडं त्याला बाहेर ढकलतं.

थडग्यावरची पांढरी लेकिथोस

पाचव्या शतकात अथेन्सच्या थडग्यांवर पांढऱ्या लेपाच्या लेकिथोस ठेवायची पद्धत पडली. यावरचे निळे, हिरवे रंग बहुतेक भाजल्यानंतर लावलेले, म्हणून कच्चे. हात लागला की जाणारे. रोजच्या वापराला निरुपयोगी, पण ही भांडी एकदाच वापरायची होती. लेकिथोसचं अंग उभ्या नळकांड्यासारखं, त्यामुळे चित्राला मधोमध एक खांब मिळतो. चित्रकारांनी तिथे थडग्याचा दगड उभा केला. एका बाजूला टोपली घेऊन आलेली बाई, दुसऱ्या बाजूला कुणी तरुण. तो नातेवाईक आहे की मेलेलाच, हे बऱ्याचदा नक्की सांगता येत नाही. मधला दगड बघताना दोघंही वळणावर किंचित पलीकडे सरकलेले राहतात. एकाला पूर्ण पाहायला गेलं की दुसरं नजरेआड होतं.

तेल महाग होतं. म्हणून काही कुंभारांनी युक्ती केली: गळ्याच्या खाली आतल्या आत एक लहानशी कुपी बसवली. तेवढीच भरायची, बाहेरून मात्र भांडं गच्च भरलेलं दिसतं. भोवतीची पोकळी पूर्ण बंद राहिली तर भट्टीत तापलेल्या हवेने भांडं फुटेल, म्हणून अंगाला कुठेतरी एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्या भोकावरूनच आज हा कावा ओळखू येतो.

आणि याच भांड्यांवरच्या चित्रांत, थडग्याच्या पायऱ्यांवर, कुणीतरी आधी आणून ठेवलेल्या लेकिथोस ओळीने रंगवलेल्या असतात. त्यांत किती तेल आहे, हे चित्रकाराने अर्थातच दाखवलेलं नाही.